आयव्हीची कुंडी आणि ताणकाटा

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने बागेवर लेख लिहावा, याचे तुम्हाला नवल वाटेल. त्याला कारण आहे एक मेलेले रोप.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही घरची मंडळी महाबळेश्वरला गेलो होतो. तिथल्या एका रोपवाटिकेत आयव्हीची कुंडी दिसली. पाच टोकांची, हाताच्या पंजासारखी गर्द हिरवी पाने आणि त्यांवर पांढरट शिरांची नाजूक जाळी. मी ती कुंडी घेतली आणि घरी आणून पूर्वेच्या खिडकीत ठेवली. मार्चपर्यंत वेल हातभर वाढला. एप्रिलच्या शेवटी पाने मलूल दिसू लागली. उन्हाळा आहे, बिचाऱ्याला तहान लागली असेल, असे समजून मी सकाळ-संध्याकाळ तांब्याभर पाणी घालू लागलो. पाने आणखी मलूल झाली. मी आणखी पाणी घातले. मेच्या मध्यावर वेल संपला.

आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना ती कुंडी दाखवली. त्यांनी कुंडी उलटी करून मातीचा गोळा हातावर घेतला. मुळे तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती, आणि मातीला कुबट वास येत होता.

"सर, हे तहानेनं नाही गेलं," बाई म्हणाल्या, "गुदमरून गेलं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो."

मला चांगलेच ओशाळल्यासारखे झाले. विसरण, केशाकर्षण आणि बाष्पीभवन मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवत होतो, आणि तिन्ही गोष्टी माझ्याच खिडकीतल्या कुंडीत चालू असताना माझ्या लक्षात आल्या नव्हत्या. पुढच्या हिवाळ्यात दुसरे रोप आणले. या वेळी सोबत प्रयोगशाळेतला ताणकाटाही घेतला. तेव्हापासून जे शिकलो, ते या लेखात सांगतो.

आयव्ही मूळची कुठली?

आयव्हीचे शास्त्रीय नाव हेडेरा. बागेत लावतात ती बहुधा हेडेरा हेलिक्स ही जाती. ती मूळची युरोपातली आणि पश्चिम आशियाच्या काही भागातली. तिची एक बहीण भारतातही आहे. हेडेरा नेपालेन्सिस ही जाती हिमालयात साधारण एक ते तीन हजार मीटर उंचीवरच्या थंड वनांत झाडांच्या खोडांवर आणि खडकांवर चढलेली आढळते. आयव्हीचे कूळ ॲरेलिएसी. आपल्याकडे कुंड्यांत आणि कुंपणाला दिसणारी अरेलिया आणि शेफलेरा ही झाडेही याच कुळातली.

एक नाव मात्र फसवे आहे. अमेरिकेत जिच्या स्पर्शाने अंगावर फोड येतात ती 'पॉयझन आयव्ही' आयव्हीच्या कुळातली नाही. ती आंबा, काजू आणि बिब्बा यांच्या कुळातली आहे. बिब्बा उतल्यावर काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे नाते लगेच पटेल.

आयव्हीचे मूळ घर म्हणजे थंड हवेच्या वनातली जमीन. तिथे डोक्यावर मोठ्या वृक्षांची सावली असते, पायाखाली कुजलेल्या पानांची भुसभुशीत माती असते, आणि हवा बहुतेक काळ गार व दमट असते. हे चित्र मनात पक्के ठेवा. आयव्हीच्या निगेचा प्रत्येक नियम त्यातून निघतो.

भिंत धरून ठेवते कशी?

मोठ्या वृक्षाखाली वाढणाऱ्या रोपट्यापुढे एकच प्रश्न असतो: उजेडापर्यंत पोहोचायचे कसे? वृक्ष स्वतःचे जाड खोड उभारतो. त्यात त्याची बरीच सामग्री खर्च होते. वेल तो खर्च वाचवतो आणि दुसऱ्याच्या खोडाचा आधार घेतो. मटार तणावांनी आधार धरतो आणि गारवेल स्वतःच आधाराला वेढे घेते. आयव्हीची तऱ्हा निराळी आहे. तिच्या खोडातून बारीक, आखूड मुळांचे झुबके फुटतात आणि ते भिंतीला चिकटतात. मुळाच्या नेहमीच्या जागी न फुटता खोडावर फुटलेल्या अशा मुळांना 'आगंतुक मुळे' म्हणतात.

ही मुळे खोडाच्या सगळ्या बाजूंना येत नाहीत. ज्या बाजूला अंधार असेल त्याच बाजूला ती येतात. आयव्हीचे कोवळे शेंडेही उजेडापासून थोडे दूर वळतात. उजेडाकडे जायला निघालेल्या वेलाने उजेडाकडे पाठ फिरवावी, हे चमत्कारिक वाटते. पण असे वळल्यामुळेच शेंडा भिंतीला टेकतो, आणि टेकला की मुळांना धरायला जागा मिळते. पाने मात्र देठ वळवून उजेडाकडे तोंड करतात.

अशा वेलांचे बारकाईने निरीक्षण चार्ल्स डार्विन यांनी केले होते. चढणाऱ्या वनस्पतींवरचा त्यांचा निबंध १८६५ साली प्रसिद्ध झाला आणि १८७५ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. आपल्याकडच्या बंगल्यांच्या कुंपणभिंतींवर लहान लहान पानांची, भिंतीला घट्ट चिकटून पसरणारी फायकस पुमिला तुम्ही पाहिली असेल. तिचे जुने नाव फायकस रिपेन्स. ती वड, पिंपळ आणि उंबर यांच्या प्रजातीतली आहे. डार्विन यांनी तिची कोवळी मुळे काचेच्या पट्टीला हलकेच टेकवून ठेवली. साधारण आठवड्याने मुळांतून स्वच्छ, किंचित चिकट द्रवाचे बारीक थेंब काचेवर आले. त्यावर वाळूचे कण टाकून त्यांनी काच ठेवून दिली. चार महिन्यांनंतरही तो द्रव वाळला नव्हता.

आयव्हीच्या मुळांतला चिकट पदार्थ कसा असतो, हे कळायला आणखी बराच काळ गेला. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की त्यात अतिसूक्ष्म गोल कण असतात. हे कण प्रथिन आणि शर्करा यांच्या संयुगाचे आहेत, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. त्यांचा व्यास १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो. म्हणजे आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण ओळीने मावतील. इतके बारीक असल्यामुळे ते भिंतीच्या सूक्ष्म खाचांत सहज शिरतात. मग पाणी उडून जाते, कॅल्शियमच्या साहाय्याने पदार्थ कडक होतो आणि पकड बसते. मुळांवरचे केसही खाचांत शिरतात. वाळताना ते पिळले जातात आणि आकड्यासारखे अडकून बसतात. म्हणजे आयव्हीचे चिकटणे म्हणजे थोडा डिंक आणि थोडी खुंटी.

आता एक साधे गणित करू. समजा, आयव्हीच्या एक मीटर खोडाचे पानांसह वस्तुमान ६० ग्रॅम आहे. त्याचे वजन साधारण ०.६ न्यूटन. त्यावर दोनशे मुळे असली तर एका मुळाच्या वाट्याला ०.००३ न्यूटन येते, म्हणजे तांदळाच्या दहा-पंधरा दाण्यांएवढा भार. एवढे ओझे मूळ सहज पेलते. पण वेल एका टोकाला धरून भिंतीपासून ओढला, तर तो भराभर सुटत जातो. असे का? कारण मग सगळा जोर एका वेळी टोकाच्या चार-दोन मुळांवरच येतो. ती सुटली की पुढची चार. पाकिटावरचे तिकीट सरळ ओढून निघत नाही, पण कोपऱ्यातून सोलले की निघते. त्यातलेच हे तत्त्व.

उजेड किती हवा?

भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. मोकळ्या आकाशाखालच्या सावलीत ती दहा ते वीस हजारांवर येते. खोलीत खिडकीजवळ एक-दोन हजार, आणि आतल्या कोपऱ्यात शंभर-दोनशे लक्स. आपला डोळा हा फरक झाकून टाकतो. बाहुली लहानमोठी होते, मेंदू जुळवून घेतो, आणि कोपराही आपल्याला 'उजळच' वाटतो. पानाला अशी सोय नसते. हरितद्रव्यावर जेवढा प्रकाश पडेल तेवढेच अन्न तयार होते.

आयव्ही सावलीतली आहे, म्हणून ती अंधारातली आहे असे समजू नका. तिला भरपूर पण मऊ उजेड लागतो. पूर्वेचे कोवळे ऊन चालते. उत्तरेची उजळ खिडकी उत्तम. महाराष्ट्राच्या पठारावरचे मार्च ते मे महिन्यांतले दुपारचे ऊन मात्र तिची पाने भाजून काढते.

उजेड कमी पडतो आहे हे ओळखायची एक खूण आहे. दोन पानांमधले खोड, म्हणजे पेरकांडे, लांबत जाते आणि पाने लहान व विरळ होतात. पांढऱ्या किंवा पिवळ्या कडांच्या पानांच्या आयव्हीला हिरव्या आयव्हीपेक्षा जास्त उजेड लागतो. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसते. त्यामुळे तो भाग स्वतः अन्न तयार करत नाही आणि हिरव्या भागाच्या जिवावर जगतो. अशा रोपाला कधी पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती जोमाने वाढते आणि हळूहळू सगळे रोप व्यापते. पांढऱ्या कडा टिकवायच्या असतील तर ती फांदी वेळीच मुळापासून छाटावी.

हवेची तहान

आयव्हीला आपला उन्हाळा का सोसत नाही? 'ऊन जास्त' हे उत्तर अर्धेच आहे. उरलेले अर्धे हवेत आहे.

इंग्लंडमधला उन्हाळ्यातला एक गार दिवस घ्या: तापमान १८° से. आणि सापेक्ष आर्द्रता ७० टक्के. १८° से. तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे १५ ग्रॅम बाष्प धरू शकते. आर्द्रता ७० टक्के, म्हणजे तिच्यात साडेदहा ग्रॅम बाष्प आहे. आणखी साडेचार ग्रॅमची जागा शिल्लक आहे.

आता विदर्भ-मराठवाड्यातली मेमधली दुपार घ्या: तापमान ४०° से. आणि आर्द्रता २० टक्के. ४०° से. तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे ५१ ग्रॅम बाष्प धरू शकते. तिच्यात दहा ग्रॅम आहे. शिल्लक जागा ४१ ग्रॅमची.

दोन्ही हवांत बाष्प जवळजवळ सारखेच आहे, हे लक्षात आले का? तरी दुसऱ्या हवेची तहान पहिलीच्या नऊपट आहे. पानांच्या रंध्रांतून ती पाणी ओढून घेते. मुळांना तेवढ्या वेगाने पाणी पुरवता आले नाही तर वनस्पती रंध्रे मिटून घेते. रंध्रे मिटली की बाष्पोच्छ्वास थांबतो, आणि त्याबरोबर पानांना मिळणारा गारवाही थांबतो.

हा गारवा किती असतो? एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० जूल उष्णता लागते. रोपाने बारा तासांत ६० ग्रॅम पाणी बाहेर टाकले तर १,४४,००० जूल उष्णता खर्च झाली. बारा तासांच्या ४३,२०० सेकंदांनी भागा. उत्तर ३.३ वॉट येईल. खिडकीतले ते लहानसे रोप दिवसभर तीन वॉटचा पंखा-कूलर चालवत असते.

म्हणून उन्हाळ्यात हवेची तहान कमी करणे हे पहिले काम. कुंडी खिडकीतून काढून घरातल्या सर्वांत गार, उजळ कोपऱ्यात किंवा व्हरांड्यात न्यावी. चार कुंड्या जवळजवळ ठेवाव्यात, म्हणजे एकीने सोडलेले बाष्प दुसरीच्या कामी येते. प्लॅस्टिकच्या काळ्या कुंडीपेक्षा मातीची भाजलेली कुंडी बरी. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडते आणि माठातल्या पाण्यासारखी आतली माती गार राहते. आणखी गारवा हवा असेल तर ही कुंडी एका मोठ्या कुंडीत ठेवून मधल्या जागेत वाळू भरावी आणि ती वाळू ओली ठेवावी. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही. हवाच दमट असते, मग पाणी उडणार कुठे?

कुंडीच्या तळाशी काय चालते?

आता माझ्या चुकीकडे येतो. पहिल्या रोपाच्या कुंडीत मी तळाला विटांच्या तुकड्यांचा तीन बोटे थर दिला होता. पाण्याचा निचरा चांगला होतो म्हणून पुष्कळ लोक तसे करतात, तसेच मीही केले. हा समज तपासून पाहायला एक सोपा प्रयोग आहे.

भांडी घासायचा नवा आयताकृती स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. पाणी ठिबकेल आणि थोड्या वेळाने थांबेल. आता स्पंज न दाबता तो लांबीच्या दिशेने उभा करा. पुन्हा पाणी ठिबकू लागेल! स्पंज तोच, पाणी तेच. मग आडव्या स्थितीत हे पाणी का निघाले नाही?

स्पंजच्या बारीक छिद्रांतले पाणी केशाकर्षणाने धरले जाते. ही ओढ ठरावीक उंचीच्या पाण्याचाच भार पेलू शकते. आडव्या स्पंजची उंची कमी असते, म्हणून जवळजवळ सगळा स्पंज भरलेला राहतो. उभा केला की उंची वाढते, वरच्या भागातले पाणी खाली येते आणि जास्तीचे पाणी गळून जाते. खालचा थर मात्र भरलेलाच राहतो.

कुंडीतली माती म्हणजे असाच स्पंज. निचरा थांबल्यावरही तळाशी एक चिंब थर उरतो. त्याची उंची मातीच्या कणांवर अवलंबून असते, कुंडी किती खोल आहे यावर नाही. तळाला विटांचे तुकडे घातले तर काय होईल? बारीक छिद्रांच्या मातीतून मोठ्या पोकळ्यांच्या थरात पाणी सहज उतरत नाही. चिंब थर तेवढ्याच उंचीचा राहतो आणि तुकड्यांच्या वर येऊन बसतो. म्हणजे मुळांच्या आणखी जवळ! मी निचरा सुधारायला गेलो आणि मुळांची कोरडी जागाच कमी करून बसलो. भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून खापरीचा एक तुकडा पुरतो. निचरा सुधारायचा तर सगळी मातीच भरड करायला हवी.

चिंब मातीत मुळे का मरतात? त्यांना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. भुसभुशीत मातीत तो हवेच्या पोकळ्यांतून विसरणाने मुळांपर्यंत पोहोचतो. पाण्यात ऑक्सिजनचे विसरण हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी मंद होते. पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो, ती पाणी शोषू शकत नाहीत, आणि पाण्यात उभे असलेले रोप तहानलेल्या रोपासारखेच मलूल दिसू लागते. या दिसण्यानेच मी फसलो. मलूल पान पाहून पाणी घालू नका. आधी माती पाहा.

ताणकाट्याची गोष्ट

माती पाहायची ती बोटाने. बोटाचे दुसरे पेर मातीत जाईपर्यंत खुपसा. कोरडे लागले तर पाणी घाला, ओलसर लागले तर थांबा. ही रीत चांगली आहे. पण कुंडीच्या पोटात काय चालले आहे हे कळायला वजनासारखी दुसरी रीत नाही.

कुंडीला दोरीची शिंकाळी बांधा. संध्याकाळी भोकातून पाणी येईपर्यंत कुंडी भिजवा, तासभर निथळू द्या आणि ताणकाट्याला टांगून वजन लिहून ठेवा. स्वयंपाकघरातला वजनकाटाही चालेल. मग रोज ठरलेल्या वेळी वजन करा. समजा, निथळलेली कुंडी २००० ग्रॅम भरली, आणि बोटाला कोरडे लागले त्या दिवशी ती १६४० ग्रॅम होती. मधले ३६० ग्रॅम हे त्या कुंडीतले खर्चायचे पाणी. रोज ५० ग्रॅम घट होत असेल तर सात दिवसांनी पाणी घालावे. १२० ग्रॅम घट असेल तर तीन दिवसांनी.

माझ्या दुसऱ्या कुंडीचा आलेख काढला तेव्हा दिसले की डिसेंबरात एकदा घातलेले पाणी जवळजवळ आठवडाभर पुरे, आणि एप्रिलमध्ये जेमतेम दोन-तीन दिवस. पण मेच्या सर्वांत कडक दिवसांत रोजची घट मला वाटली होती तेवढी वाढली नाही. रोपाने रंध्रे मिटून घेतली असावीत. नेमक्या याच दिवसांत आदल्या वर्षी मी दोन वेळा तांब्याभर पाणी ओतत होतो.

लागवड, छाट आणि कीड

कुंडीसाठी एक भाग बागेतली माती, एक भाग चांगले कुजलेले पानांचे खत आणि एक भाग भरड वाळू असे मिश्रण करावे. रोप लहान असताना मोठी कुंडी घेऊ नये. थोड्या मुळांभोवती खूप ओली माती राहते आणि ती लवकर वाळत नाही. मुळांनी कुंडी भरली की एकाच आकाराने मोठ्या कुंडीत बदलावे. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा पातळ केलेले खत पुरते. कडक उन्हाळ्यात रोप विश्रांती घेते, तेव्हा खत देऊ नये.

नवी रोपे छाटापासून सहज होतात. पावसाळा संपल्यावर किंवा हिवाळ्यात, तीन-चार पेरी असलेला दहा-बारा सेंटिमीटरचा निरोगी तुकडा पेराच्या खालून कापावा. खालची पाने काढून तो ओल्या वाळूत खोचावा किंवा पाण्याच्या बाटलीत ठेवावा. एक पेर तरी वाळूत किंवा पाण्यात हवे, कारण मुळे मुख्यतः पेरांजवळ फुटतात. तीन-चार आठवड्यांत छाट रुजतो. शेंडे अधूनमधून खुडले की बाजूच्या फांद्या फुटतात आणि रोप भरगच्च होते.

युरोपात जुन्या आयव्हीचे एक वेगळे रूप दिसते. उंच चढून भरपूर उजेड मिळाल्यावर तिच्या वरच्या फांद्यांना मुळे फुटेनाशी होतात, पानांची टोके नाहीशी होऊन ती साधी होतात आणि फुले-फळे धरतात. अशा फांदीचा छाट लावला तर त्याचे न चढणारे झुडूप होते! एकाच रोपाची ही दोन वये. आपल्याकडच्या कुंडीतली आयव्ही सहसा बाल्यावस्थेतच राहते.

कोरड्या उन्हाळ्यात पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खालून तलम जाळे दिसले तर तो लाल कोळी समजावा. तो आठ पायांचा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव आहे आणि कोरड्या उष्ण हवेत झपाट्याने वाढतो. आठवड्यातून दोनदा पाने खालच्या बाजूने पाण्याच्या धारेने धुतली तर तो आटोक्यात राहतो. पावसाळ्यात उलटा धोका असतो. कुंडी सततच्या पावसात न ठेवता आडोशाला, वारे खेळेल अशा जागी ठेवावी.

एक सूचना. आयव्हीची पाने आणि फळे विषारी आहेत, आणि तिच्या रसाने काहींच्या त्वचेवर पुरळ येते. छाटताना हातमोजे घालावेत. घरात रांगते मूल किंवा पाळीव जनावर असेल तर कुंडी उंच टांगावी.

भिंतीवर चढवावी का?

महाबळेश्वर-पाचगणीसारख्या गार ठिकाणी उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या भिंतीवर आयव्ही चढवता येते. पठारावर आणि कोकणात त्या जागी फायकस पुमिला बरी. पण वेलाने भिंत खराब होत नाही का?

भिंतीतून उगवलेला पिंपळ आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याची मुळे भेगांत शिरून पाणी शोधतात, जाड होतात आणि चिरे फाकवतात. आयव्हीची चिकटणारी मुळे भिंतीतून अन्न घेत नाहीत. ती फक्त धरून ठेवतात. इंग्लंडमधल्या जुन्या वास्तूंच्या भिंतींवर ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या हेदर व्हाइल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमापे केली. आयव्हीखालच्या भिंतीचे तापमान आणि आर्द्रता उघड्या भिंतीपेक्षा कमी चढ-उतार दाखवतात, असे त्यांना आढळले. दगड तापून प्रसरण पावणे आणि गार होऊन आकुंचन पावणे कमी झाले, तर त्याची झीजही कमी होते. मात्र भिंतीला आधीच भेगा असतील किंवा गिलावा सुटला असेल, तर आयव्हीही आत शिरते आणि खोड जाडावले की नुकसान करते. तेव्हा भिंत धडधाकट असेल तरच वेल चढवावा. काढायचा झाला तर जमिनीजवळ कापून पूर्ण वाळू द्यावा आणि मग हळूहळू सोडवावा. हिरवा वेल ओढला तर गिलाव्याचे पोपडे घेऊन येतो.

करून पाहा

१. सारख्या दोन कुंड्या घ्या. एकीत आयव्ही किंवा मनीप्लँट लावा आणि दुसरीत फक्त माती ठेवा. दोन्ही सारख्या भिजवून आठवडाभर रोज वजन करा. दोन्हींच्या घटीतल्या फरकावरून पानांनी किती पाणी टाकले याचा काय अंदाज येतो? रोपाच्या कुंडीचे तोंड आणि बाहेरची बाजू प्लॅस्टिकच्या पिशवीने झाकून हाच प्रयोग पुन्हा करा. कोणते उत्तर अधिक विश्वसनीय, आणि का?

२. फायकस पुमिलाचा वाढता शेंडा काचेच्या पट्टीला हलकेच टेकवून दोऱ्याने बांधा. आठ-दहा दिवसांनी काच भिंगातून पाहा. डार्विन यांना दिसले ते तुम्हाला दिसते का?

३. स्पंजचा प्रयोग करताना आडव्या आणि उभ्या स्थितीत किती पाणी उरले, ते वजन करून ठरवा. उथळ कुंडी बरी की खोल, याचे उत्तर त्या आकड्यांवरून द्या.

माझी दुसरी आयव्ही अजून आहे. तिच्या छाटांपासून केलेल्या कुंड्या आमच्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात टांगल्या आहेत. त्यांना पाणी घालण्याची पाळी असलेला विद्यार्थी आधी ताणकाटा लावतो आणि शेजारच्या वहीत आकडा लिहितो. तांब्या त्यानंतर.